ओल्ड फॅशन्डमध्ये संत्रे आणि चेरी चेचून घालावीत का?

नाही. आपण विचारले आहे की पुण्यात घरच्या घरी ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचे कॉकटेल करताना संत्र्याची फोड आणि चेरी पेल्याच्या तळाशी चेचावी का, आणि बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा कडू सुगंधी अर्क, मिळाले नाहीत तर काय करावे. बिटर्सकडे शेवटी येतो. फळांवरून मात्र आमच्या नात्यात जुना वाद धुमसत असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर देणे मला भाग आहे.

आमचे साडू विस्कॉन्सिनमध्ये, मिल्वॉकीला राहतात. त्या राज्यात ओल्ड फॅशन्ड मागितले की बहुतेक ठिकाणी व्हिस्कीऐवजी ब्रँडी घालून, फळे चेचून आणि वर गोड सोडा ओतून देतात, आणि तिथे वाढलेल्या माणसाने ते आवडीने प्यावे यात गैर काहीच नाही. साडू वाढले सांगलीत. एका दिवाळीला त्यांच्याकडे जमलो असताना मी शिकागोहून राय या धान्याच्या व्हिस्कीची बाटली, अँगोस्टुरा बिटर्सची कुपी आणि साखरेचे चौकोनी तुकडे घेऊन गेलो. पेल्यात साखरेचा एक तुकडा ठेवून त्यावर बिटर्सचे दोन-तीन शिंतोडे आणि चमचाभर पाणी घातले, कारण साखर मद्यात सहजी विरघळत नाही. ती चमच्याच्या पाठीने घोटली, ६० मिली राय ओतली, बर्फाचा मोठा खडा टाकून अर्धा मिनिट सावकाश ढवळले आणि संत्र्याच्या सालीची पट्टी वर पिळून आत सोडली. साडूंनी पेला दिव्यासमोर धरला आणि साऱ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, यात आहे काय? दारू, साखर आणि पाणी! माझ्यात निदान फळ तरी आहे." पुढे अशीही पुस्ती जोडली की हे पेय केंटकीतल्या लुइव्हिलच्या पेंडेनिस क्लबात जन्मले आणि फळे पहिल्यापासूनच चेचली जातात. तेवढ्यात मेहुणीबाईंनी पाने घेतली, आणि माझे उत्तर राहून गेले. ते इथे देतो.

दारू, साखर, पाणी आणि बिटर्स हीच तर कॉकटेलची मूळ व्याख्या आहे. न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या 'द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी' या पत्राने १३ मे १८०६ च्या अंकात ती छापली, आणि तीत पाणी हा रीतसर घटक म्हणून मोजला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारवाले या मिश्रणात कुरासाव, माराश्किनो, अ‍ॅबसिंथ असली काहीबाही दुसरी मद्ये घालू लागले, तेव्हा वैतागलेली गिऱ्हाइके जुन्या पद्धतीचे कॉकटेल मागू लागली आणि तेच नाव रूढ झाले. भर घालण्याला कंटाळून ज्याची मागणी सुरू झाली, त्यातच आमचे साडू भर घालतात! पेंडेनिस क्लबाची स्थापना १८८१ ची आहे, तर शिकागोच्या ट्रिब्यून या वृत्तपत्रात 'ओल्ड फॅशन्ड' कॉकटेलांचा उल्लेख १८८० सालीच आलेला आहे. न्यूयॉर्कच्या हॉलंड हाउसमधील जॉर्ज कॅपलर यांनी १८९५ च्या पुस्तकात दिलेल्या कृतीत साखर, थोडे पाणी, अँगोस्टुराचे दोन शिंतोडे, बर्फाचा लहान खडा, लिंबाच्या सालीचा तुकडा आणि व्हिस्की एवढेच आहे. फळे चेचणे सर्रास झाले ते १९३३ मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठल्यानंतर.

चेचल्याने नुकसान काय होते? आपल्याला संत्र्याच्या सालीतले सुगंधी तेल हवे असते, रस नको असतो. रसाने पेय पातळ आणि आंबूस होते, सालीखालच्या पांढऱ्या भागाने कडसर होते, आणि प्रत्येक घोटाला चोथा दातांत येतो.

बिटर्सचे उत्तर थोडक्यात देतो. अँगोस्टुरा हे दक्षिण अमेरिकेतील स्वातंत्र्ययोद्धा बोलिवार याच्या सैन्यातील जर्मन डॉक्टर योहान झीगर्ट यांनी १८२४ मध्ये व्हेनेझुएलात औषध म्हणून तयार केले. आता ते त्रिनिदादमध्ये बनते. ते नसेल तर ओल्ड फॅशन्ड करू नये, दुसरे काही प्यावे. लवंग-दालचिनीचा काढा घालून जे होईल ते चांगलेही लागेल, पण ते वेगळे पेय.

एक सांगायचे राहिले. भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींमध्ये मळीपासून केलेले मद्यार्क असते. त्यांना ही कृती लावून उपयोग नाही, कारण इथे व्हिस्की लपवायला जागाच नाही. बोरबॉन ही अमेरिकी व्हिस्की मिळाली तर तिच्यात किमान ५१ टक्के मका असतो आणि ती रायपेक्षा गोडसर असते, तेव्हा साखर अर्धीच घ्यावी. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, हेही ध्यानात असू द्यावे. आणि चेरी काठावर ठेवायला माझी हरकत नाही, आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीतही ती सजावट म्हणून आहेच. पण मठ्ठ्याबरोबर जिलबी वाढतात म्हणून ती मठ्ठ्यात कोणी कुस्करून देत नाही. सोडा मात्र मुळीच घालू नये, मग मिल्वॉकीहून कोणी काहीही कळवो.