क्लॅपवर नाव कुणाचं?

प्रिय ताई,
मी एका दैनंदिन मालिकेत सहा वर्षं असोसिएट डायरेक्टर आहे. ब्रेकडाउन (कुठल्या सीनला काय लागतं त्याची यादी), कॉल शीट (दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगचं वेळापत्रक), आर्टिस्टच्या तारखा, कंटिन्युइटी (शॉटशॉटमधला मेळ) सगळं माझ्याकडे. संध्याकाळी दिग्दर्शक सर निघाले की उरलेले दोन-तीन सीन मीच काढते, अर्थात क्लॅपवर (शॉटआधी कॅमेऱ्यासमोर धरतात त्या पाटीवर) नाव सरांचंच असतं. गेल्या महिन्यात, दीड वर्षापूर्वी आलेल्या मुलाला एपिसोड डायरेक्टर केलं. ईपींना (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरना) विचारलं तर म्हणाले, "पॅकअपपर्यंत थांबावं लागतं, घर सांभाळून जमेल का तुला? आणि तुझ्या नावावर दिग्दर्शन कुठे आहे?" सोडून देऊ का ही मालिका?
– थकलेली असोसिएट

अगं, पॅकअपपर्यंत तर तू रोज थांबतेसच! सर गेल्यावर सेटवर उरतं कोण? ईपींनी हा प्रश्न त्या मुलाला विचारला नसणार, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. तुझ्या नावावर दिग्दर्शन नाही, कारण ते तू रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने सरांच्या नावावर जमा करतेस. आणि पत्रात ही गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकून टाकतेस. मला राग आला तो तिथे.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या गिल्डमध्ये सहा स्त्रिया एकत्र आल्या आणि कामाच्या नोंदी मोजायला बसल्या. १९४९ ते १९७९ या काळात सिनेमा आणि टीव्हीच्या दिग्दर्शनाच्या कामांपैकी स्त्रियांच्या वाट्याला आली होती जेमतेम अर्धा टक्का. त्या आकड्याच्या जोरावर गिल्डने १९८३ मध्ये वॉर्नर ब्रदर्स आणि कोलंबियावर खटला भरला. तो १९८५ मध्ये फेटाळला गेला, तरी पुढच्या दहा वर्षांत स्त्रियांचा वाटा वाढला. आता सांग, त्यांच्या त्या मोजणीत तुझे संध्याकाळचे सीन कुणाच्या खात्यात गेले असते?

तेव्हा राजीनामा राहू दे. उद्यापासून तू काढलेल्या सीनच्या क्लॅपवर दिग्दर्शक म्हणून तुझं नाव लागलं पाहिजे.

आदल्या रात्री, कॉल शीट निघायच्या आधी, सर आणि ईपी दोघांना एकच मेसेज: "उद्या सर सहाला निघतील. त्यानंतरचे अमुक नंबरचे सीन मी दिग्दर्शित करते आहे. क्लॅपवर आणि डीपीआरमध्ये तशी नोंद होईल." (डीपीआर म्हणजे दिवसभराच्या शूटिंगचा अहवाल.) मेसेज सांगणारा हवा, "चालेल का" असं शेपूट लावू नकोस. क्लॅप भरणारा मुलगा सरांचं नाव पुसायला घाबरेल, म्हणून मेसेज त्यालाही दाखव आणि पहिल्या शॉटआधी उभी राहून नाव लिहून घे.

इथे दोन घोळ होतात. सरांनी मास्टर (अख्खा सीन दाखवणारा मुख्य शॉट) घेऊन ठेवलेला सीन त्यांचाच. नुसते उरलेले क्लोज तू घेतलेस म्हणून मध्येच नाव बदलू नकोस, त्यावरून होणारं भांडण तू हरशील. ज्या सीनचा मास्टर तू लावलास, ब्लॉकिंग (कलाकारांनी कुठे उभं राहायचं, कसं हलायचं) तू केलंस, तोच तुझा. दुसरं, नाव बदललं तरी शॉट आणि टेकचे आकडे होते तसेच पुढे चालू ठेव. आकडे पुन्हा एकपासून सुरू केलेस तर साउंड रिपोर्टशी मेळ बसणार नाही, एडिटवाले वैतागतील आणि खापर तुझ्यावर फुटेल.

क्लॅप पुसला जातो, डीपीआर राहतो. म्हणून पॅकअपनंतर प्रोडक्शनवाल्याने डीपीआर पाठवायच्या आत तो बघ: तुझ्या सीनपुढे तुझं नाव, पहिला शॉट कधी लागला, सीन कधी संपला, किती पानं झाली (पानाचे आठवे भाग धरून), पॅकअप किती वाजता. क्लॅपचे फोटो काढत बसू नकोस, सेटवरचे फोटो बऱ्याच करारांत निषिद्ध असतात. हेच आकडे आपल्या वहीत उतरवून ठेव, आणि एडिटने तुझ्या सीनला पॅच (मागाहून घ्यावा लागणारा शॉट) मागितला असेल तर तोही प्रामाणिकपणे लिही.

सर विचारतील, "नाव कशाला बदलतेस?" उत्तर साधं आहे: त्या सीनबद्दल एडिटला काही विचारायचं असेल तर फोन मला आला पाहिजे, शॉट मी घेतलाय. हे खरंही आहे. त्यांना तरीही खुपलं तर त्यांनी पॅकअपपर्यंत थांबावं. तुझी दोन-तीन सीनची फुकटची कामगिरी वाचेल.

चार आठवडे हे चालव. मग वहीतून एक पान तयार कर: इतके सीन, इतकी पानं, पडद्यावरची इतकी मिनिटं, इतके पॅच, पॅकअपच्या वेळा. ते घेऊन ईपींकडे जा आणि एपिसोडचा नंबर सांगून तोच एपिसोड माग. "कधीतरी संधी द्या" म्हटलंस की तो कधीतरी येत नाही. वेळही बघ. बँकेत (शूट होऊन तयार ठेवलेल्या साठ्यात) एपिसोड शिल्लक असतील त्या आठवड्यात जा. टेलिकास्ट डोक्यावर असताना कुणीच नव्या माणसाला हात लावू देत नाही, आणि तेव्हा मिळालेला नकार पुढे सहा महिने तुझ्या तोंडावर फेकला जातो.

तरीही नाही म्हणाले, तर ते पान घेऊन दुसऱ्या मालिकेच्या दारात जा. आज गेलीस तर तिथेही "असोसिएट, सहा वर्षं" एवढंच सांगता येईल, आणि तेही तुला पुन्हा असोसिएटच घेतील.

एपिसोड डायरेक्टर झालेल्या त्या मुलाचं काय, असं तुझ्या मनात असेलच. त्याचा एपिसोड नीट बघ, चुका मोजायला नको. तुझ्याच ब्रेकडाउनवर तो शूट झाला असेल तर क्रेडिट लिस्टमध्ये तुझं पद काय लिहिलंय ते तपास. ती यादी पोस्टमध्ये बऱ्याचदा मागच्या एपिसोडवरूनच उतरवली जाते आणि चूक वर्षभर तशीच फिरते. दुरुस्ती लेखी कळव, लिस्ट लॉक व्हायच्या आधी.

आज रात्रीची कॉल शीट अजून निघाली नसेल, तर मेसेज आत्ताच लिही.