बेस गिटार आणि हार्मोनिका एकाच वेळी वाजवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिघांचा बँड आहे, गिटार, ड्रम्स आणि बेसवर तुम्ही. ब्लूज वाजवता. हार्मोनिकाही तुम्हालाच येते. गळ्यात होल्डर अडकवून दोन्ही एकदम वाजवता येईल का, की तो निव्वळ वेडेपणा?

येतं. मी वाजवतो, हौशीच, पण लोकांसमोर. फक्त एक गोष्ट आधीच मान्य करून टाका, की दोन्ही वाद्यं एकाच वेळी पूर्ण ताकदीनं वाजणार नाहीत. बेसमधून जेवढी जागा सुटेल तेवढीच हार्मोनिकाची.

गिटारसोबत हार्मोनिका हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे, बॉब डिलन आणि नील यंगमुळे. ब्लूजमध्ये जिमी रीड १९५० च्या दशकात हेच करत होता. पण त्याच्या रेकॉर्ड नीट ऐकल्यात तर खालच्या तारांवरची ती अखंड चालणारी बूगी (एकच ठेकेदार चाल पुन्हापुन्हा) बहुतेक वेळा त्याचा साथीदार एडी टेलर सांभाळताना दिसेल. म्हणजे तोंडानं वाजवणाऱ्या माणसानं तळाची जबाबदारी दुसऱ्याकडे दिलेली. गिटारचा एखादा स्ट्रोक हुकला तरी गाणं पुढे सरकतं. बेस हुकला की ड्रमर मान वळवून बघतो.

तळ स्वतःच सांभाळणारा एक अवलिया मात्र होऊन गेला, कॅलिफोर्नियातला जेसी फुलर. बारा तारांची गिटार, होल्डरमध्ये हार्मोनिका आणि काझू (तोंडात गुणगुणून वाजवायचं छोटं वाद्य), शिवाय पायानं वाजवायचा बेस. तो बेस त्यानं स्वतः बनवलेला होता; नाव ‘फोटडेला’. पेडल दाबलं की मऊ टोकाची हातोडी तारेवर आपटायची. एकट्या माणसाचा अख्खा बँड. तुम्हाला पायानं वाजवायचं नाहीये, पण फुलरचा बेस किती साधा होता ते ऐकण्यासारखं आहे. ठोक्यावर एक सूर, बस.

उलट बाजूचं उदाहरण जॅक ब्रूसचं. ‘क्रीम’ या रॉक बँडचा बेसिस्ट, गायक आणि हार्मोनिकावादकही. १९६८ च्या ‘व्हील्स ऑफ फायर’ या अल्बमच्या लाइव्ह भागात एका गाण्यात तो हार्मोनिका वाजवतो आणि गातो. साथीला फक्त जिंजर बेकरचे ड्रम्स. बेस नाहीच. इतक्या तयारीच्या माणसानं बेस बाजूला ठेवला यात कमीपणा नव्हता. तुमच्याही एखाद्या गाण्यात तेच करून बघा, विशेषतः जिथे हार्मोनिका सलग वाजायला हवी.

आता हत्यारं. आपल्याकडे घरोघरी जो माउथ ऑर्गन सापडतो तो बहुधा ट्रेमोलो असतो, वर-खाली भोकांच्या दोन ओळींचा. सिनेमाच्या चालींना गोड लागतो, पण ब्लूजचे बेंड (श्वासानं सूर वाकवून खाली ओढणं) त्यावर निघत नाहीत. क्रोमॅटिक (बाराही सूर देणारी) घेतलीत तर तिचं बटण दाबायला बोट लागतं, आणि तुमची दहाही बोटं बेसवर गुंतलेली. म्हणून दहा भोकांची साधी डायटॉनिकच (एकाच स्केलच्या सुरांची) घ्या. होनरची स्पेशल ट्वेंटी मला बरी वाटते. तिची आतली फणी प्लॅस्टिकची असल्यामुळे तोंडाच्या ओलाव्यानं फुगत नाही. दुकानात ‘बेस हार्मोनिका’ मागू नका. ते वेगळंच, चांगलं लांबलचक वाद्य असतं, हार्मोनिकांच्या वाद्यवृंदात वाजतं.

सगळ्यात जास्त डोकं स्केल निवडताना लावा. इथे अर्धी लढाई जिंकता येते.

ब्लूजमध्ये हार्मोनिका सहसा सेकंड पोझिशनमध्ये वाजवतात, म्हणजे गाणं ‘ए’मध्ये असेल तर हातात ‘डी’ची हार्मोनिका. या हार्मोनिकावर पहिल्या चार भोकांतून श्वास आत ओढला की ‘ए’ कॉर्ड मिळते आणि फुंकलं की ‘डी’. ‘ई’ कॉर्डसाठी पहिल्या किंवा चौथ्या भोकातून ओढा, ‘ई’ हा सूरच मिळतो. आता बेसकडे बघा. ब्लूजच्या बारा बारच्या चक्रातल्या (एक बार म्हणजे चार मात्रा) तीन कॉर्ड ‘ए’, ‘डी’, ‘ई’, आणि तिन्हींचे मूळ सूर मोकळ्या तारांवर! वर ‘ए’चा पाचवा सूर म्हणजे खालची मोकळी ‘ई’, आणि ‘डी’चा पाचवा म्हणजे मोकळी ‘ए’. फक्त ‘ई’ कॉर्डवर पाचव्या सुरासाठी ‘ए’ तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेवावं लागतं. वारीतला वीणेकरी गळ्यात वीणा घेऊन मोकळ्या तारा छेडत अभंग म्हणतो, तसा हा प्रकार. ‘डी’ स्केलमध्येही हीच सोय आहे. कॉर्ड ‘डी’, ‘जी’, ‘ए’. हार्मोनिका ‘जी’ची, जी खर्जात बोलते.

मोकळ्या तारांचा आणखी एक फायदा होल्डर लावल्यावर कळेल. हनुवटीखाली ते धूड असताना मान खाली घालून फ्रेटबोर्ड बघता येत नाही. सगळं अंदाजानं. तोटा एकच, मोकळी तार घुमत राहते; डाव्या हाताची बोटं तारांवर अलगद टेकवून ती बंद करायची सवय लावा.

आता श्वास. नवशिक्यांना वाटतं अडचण हातांची आहे. हातांचं जमून जातं, दम कमी पडतो. म्हणजे कमी पडत नाही, उलट जास्त होतो. ‘ए’वर चार मात्रांचे चार बार, मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत, म्हणजे १२ सेकंद. तेवढा वेळ नुसता आत ओढत राहिलात तर छाती भरून येते, खांदे वर चढतात, आणि खांदे चढले की उजव्या हाताची बोटं घाई करायला लागतात. लय बिघडते ती अशी. म्हणून पहिले दोन बार गाऊन घ्या किंवा गप्प राहा, पुढच्या दोनांत हार्मोनिकानं उत्तर द्या. पाचव्या बारला ‘डी’ आली की फुंकायचंच असतं. साठलेली हवा तिथे सोडून द्या. कॉर्डबरोबर श्वास आपोआप पालटतो, हे या पोझिशनचं मोठं सुख आहे.

हार्मोनिका वाजत असताना बेसवर मूळ आणि पाचवा, एवढंच. वॉकिंग लाइनची (प्रत्येक ठोक्याला नवा सूर घेत चालणाऱ्या बेसची) हौस हार्मोनिका गप्प असताना भागवा. काही जण दोन्हीकडे एकदम गुंतागुंत करायला जातात. ऐकणाऱ्याला त्यातली मेहनत दिसते, गाणं ऐकू येत नाही.

सरावाला हार्मोनिका लगेच तोंडाला लावू नका. आधी बेस वाजवत कोणाशीतरी गप्पा मारून बघा. वाक्य मधेच न तुटता ठेका चालू राहिला तर बेस हातात बसला. मग नुसता श्वास: ‘ए’वर आत, ‘डी’वर बाहेर, हार्मोनिकाशिवाय. त्यानंतर हार्मोनिकावर लांब एकेक सूर. बेंड सगळ्यात शेवटी. मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरलात तर आपण कुठे पळतोय ते लगेच उघडं पडतं.

बेंड शेवटी का, तर होल्डरमुळे. हातानं धरलेली हार्मोनिका ओठांवर घट्ट बसते. होल्डरमधली जरा दाब पडला की मागे सरकते, आणि तिच्यामागे मान पुढे जाते. म्हणून तारेचे स्वस्त होल्डर टाळा, बाजूचे स्क्रू चांगले आवळा, आणि हार्मोनिका तोंडाच्या अगदी जवळ येईल असा कोन ठेवा. मी होल्डर आधी घालतो आणि बेसचा पट्टा त्याच्या वरून घेतो. पट्ट्याच्या वजनानं होल्डर जागेवर राहतो. काढताना मात्र आधी बेस उतरवावा लागतो, तेव्हा गाण्याच्या मधे हार्मोनिका बदलायची असेल तर हा उपाय कामाचा नाही. हाताची ओंजळ करून काढायचा तो ‘वाव-वाव’ आवाजही विसरा. कंप घशातूनच काढावा लागेल.

आवाजाचं शेवटचं. हार्मोनिका बेसच्या अँपमधून काढू नका, गढूळ येते. गायनाच्या माइकवरच वाजवा आणि मिक्सरवर त्या चॅनेलचं लो-कट (खालचे सूर गाळणारं बटण) दाबा, नाहीतर शेजारच्या अँपमधला बेस त्याच माइकमध्ये शिरतो. लो-कटनं हार्मोनिकाचं काही बिघडत नाही: बेसची खालची ‘ई’ साधारण ४१ हर्ट्झची, तर ‘डी’ हार्मोनिकाचा सगळ्यात खालचा सूर जवळपास २९४ हर्ट्झचा. या दोघांच्या मधे जी मोठी पोकळी राहते ती तुमच्या गिटारिस्टची. त्याला सांगा, तुम्ही हार्मोनिका तोंडाला लावलीत की त्यानं सोलोचा मोह आवरायचा आणि मधल्या तारांवर कॉर्ड धरून बसायचं. तो ऐकेल की नाही, ते तुम्ही जाणा आणि तो जाणे.