गाणं शिकायचंय, पण कुठे आणि कितीत?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं वय 38. दोन वर्षांपूर्वी यांना अंबडला नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून नाशिकला आलो, पाथर्डी फाट्याला राहतो. लहानपणी गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, पुढे लग्न, मुलं, सगळं सुटलं. आता परत शिकायचंय. एका क्लासला चौकशी केली तर वर्षाचे 18,000 एकरकमी भरा म्हणाले, एवढे घरात मागायला जीव होत नाही. आणि खरं सांगू का, पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव असायचा, इथे गाण्याचं वातावरणच नाही असं वाटतं. कमी पैशात काय करता येईल?

उत्तर : आधी पैशांचं बोलते. एकरकमी वर्षाची फी कुणालाच देऊ नका, कितीही मोठं नाव असू दे. शिकवणारा आणि आपण जमतोय का हे कळायलाच महिना-दीड महिना जातो आणि तोवर पैसे अडकलेले असले की माणूस नको असताना जात राहतो. माझं तेच झालं होतं. 12 जणी, एक पेटी, आणि सर सगळ्यांना सरसकट पांढरी सहाला, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, गायला लावायचे. माझा आवाज मुळात ढाला, म्हणजे खालचा, वरच्या सा ला पोचायचं म्हणजे मानेच्या शिरा ताणूनच, पण फी भरलीये म्हणून गात राहिले आणि तिसऱ्या महिन्यात एके सकाळी मुलाला शाळेसाठी हाक मारायला गेले तर नुसती हवा आली, आवाजच नाही. पुढचे दोन महिने गाणं बंद.

नंतर सिडकोत एक बाई सापडल्या, घरातल्या घरात शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी गाणं वगैरे काही म्हणायला लावलं नाही. पेटीचा एकेक सूर धरायच्या आणि म्हणायच्या खाली जा, आणखी खाली, आता वर. मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, नीट ऐकू येतो का आणि तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, न ओरडता लागतो का, दोन्ही बघून काळी तीनवर थांबल्या आणि म्हणाल्या, हा तुझा सा. वीस मिनिटं लागली असतील, पण मला रडू आलं, कारण इतक्या वर्षांत माझा सूर कोणता हे कुणी बघितलंच नव्हतं. म्हणून तुम्ही कुठेही गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा, माझा सूर कोणता? न ऐकताच उत्तर दिलं तर चहा पिऊन निघून या. मी महिन्याला 800 देते, आठवड्यातून दोन दिवस, आम्ही चौघी असतो पण रोज प्रत्येकीला एकटीला गायला लावतात.

आता अशा बाई शोधायच्या कशा, कारण त्यांचा बोर्ड नसतो, जाहिरात तर नसतेच. माझा सल्ला, तबला वाजवणाऱ्यांना विचारा. एकच तबलजी चार-पाच क्लासना साथीला जातो, कोण मन लावून शिकवतं, कोण नुसतं परीक्षेपुरतं घोटून घेतं, हे त्याला बरोब्बर माहीत असतं. कार्यक्रम संपला की तबले गवसणीत घालत असतात तेव्हा जाऊन विचारा, अगदी आपुलकीने सांगतात. शोधताना इंदिरानगर, सिडको इथेच शोधा, कॉलेज रोडचा नाद सोडा, दोन बस बदलून जायचं म्हटलं की पावसाळ्यात क्लास सुटतोच. आणि फी जड वाटली तर तसं सरळ सांगा, बरेच जण कमी करतात.

पेटी लगेच घेऊ नका. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं, फक्त हेडफोन लावून गाऊ नका, आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही. फोन ओट्यावर ठेवा आणि सकाळी घर उठायच्या आत पंधरा मिनिटं नुसता खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. भजनी मंडळात जरूर जा, ताल अंगात मुरतो आणि तेही फुकटात, पण तिथली पट्टी बहुतेक वेळा चढी असते तेव्हा वरच्या ओळीला आवाज ताणायचा नाही, खालून गायचं.

वातावरण नाही म्हणालात ते मात्र मला लागलं. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून साध्या घरातल्या मुलामुलींना गाण्याचं दार उघडणारे विष्णु दिगंबर पलुस्कर शेवटी शेवटी आपल्या नाशिकलाच येऊन राहिले होते, इथे त्यांनी रामनामाचा आश्रम काढला आणि त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. तथा बापूराव पलुस्करांचा जन्म 1921 चा, नाशिकचाच. बापूराव जेमतेम 34 वर्षं जगले पण काय स्वच्छ गळा! शिकणाऱ्याने त्यांची रेकॉर्डिंग रोज ऐकावीत, छोटी असतात आणि राग कसा मांडायचा ते लख्ख दिसतं.

कुसुमाग्रज स्मारकात, सार्वजनिक वाचनालयाच्या सायखेडकर नाट्यगृहात, कालिदास कलामंदिरात काही ना काही चालू असतं, त्यातलं बरंच विनामूल्य. पेपरातलं 'शहरात आज' बघत चला. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे पिंपळपारावरच्या मैफलीला या, अंधारात स्वेटर घालून रस्त्यावर बसलेली माणसं आणि समोर भैरव किंवा ललत राग चाललेला. चैत्रात काळारामाला कीर्तनं. सवाईची सर कशालाच नाही हे मान्य, पण ते वर्षातून एकदा, आणि डिसेंबरात पुण्याला जाता येतंच, भारतीय बैठकीचं तिकीट काढा.

प्रश्न : मुलगी 9 वर्षांची आहे, गाणं शिकून सहा महिने झाले. क्लासमधले सगळे परीक्षेला बसतायत. बसवू का?

उत्तर : दादा, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत आणि वर्षातून दोनदा होतात, म्हणजे गाडी काही चुकत नाहीये. तिला पेटी बंद करून, नुसत्या तानपुऱ्यावर, भूप रागाचे आरोह-अवरोह, म्हणजे चढते-उतरते सूर, म्हणायला सांगा. सा वर परत येताना सूर तानपुऱ्यात मिसळला तर फॉर्म भरा. नाही मिसळला तर पुढच्या सत्राला भरा, आणि मैत्रिणी पुढे गेल्या म्हणून ती हिरमुसली तर त्या संध्याकाळी तिला एखाद्या मैफलीला घेऊन जा, पुढच्या रांगेत बसवा.