व्हेलमवर रंग भरताना

व्हेलम म्हणजे दुधी, अर्धपारदर्शक कागद. त्यावर रंग नेहमी मागच्या बाजूने भर. पुढून भरलास तर एम्बॉसिंगच्या, म्हणजे उठावाच्या नक्षीच्या, रेषांवर शाई चढते आणि त्यांची चमक मरते. मागून भरलेला रंग दुधी कागदातून मऊ, एकसंध दिसतो. मला तरी तोच सर्वात देखणा वाटतो.

शाई अल्कोहोलची घे. पाण्याच्या शाईने व्हेलम सुरकुततं. कागद शाई शोषत नाही, त्यामुळे ती वर बराच वेळ ओली राहते, आणि हाच तुझा फायदा: आधी फिकी छटा, ती ओली असतानाच कडेला गडद, मग पुन्हा फिक्या मार्करने सांधा पुसट कर. हात हलका ठेव, फार घासलंस तर खालचा रंगच उचलला जातो. पूर्ण वाळेपर्यंत बोट लावू नकोस.

चिकटवताना गोंद फक्त नक्षीमागे लाव, बाकी ठिकाणी तो आरपार दिसतो.