मुंग्यांतला तोतया

प्रश्न : कुंडीतल्या रोपावर मुंग्यांची ये-जा असते. त्यातली एक मुंगी बोट जवळ नेलं की टुणकन उडी मारते आणि धाग्याला लोंबकळते. फोटो सोबत जोडला आहे. ही कोणती मुंगी?

उत्तर : मुंगी नाहीच ती! मुंगीचं सोंग घेतलेला, उड्या मारणारा कोळी आहे. तुमच्याच फोटोत पाय मोजा, आठ भरतील. पुढचे दोन पाय हा पठ्ठ्या डोक्यापुढे हवेत नाचवत ठेवतो, त्यामुळे बघणाऱ्याला सहा पाय आणि दोन मिशा वाटतात. खऱ्या मुंगीच्या मिशा कोपरात दुमडल्यासारख्या असतात आणि डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. याचे दोन टपोरे डोळे मात्र थेट तुमच्या कॅमेऱ्याकडे रोखलेले आहेत. धाग्याने तर उरलीसुरली शंकाही मिटवली. कामकरी मुंगी अशी धाग्याला लटकत नाही.

तोंडापुढे लांबलचक जबडे आलेले दिसतात, म्हणजे हा नर. दुरून पाहिलं तर मुंगी काहीतरी उचलून चालली आहे असंच वाटावं.

एवढा खटाटोप कशासाठी? मुंगी चावते, चवीला वाईट आणि एकीला छेडलं तर दहा धावून येतात. त्यामुळे बरेच शिकारी तिच्या वाटेला जात नाहीत. त्या दराऱ्याचा फायदा हा फुकटात उपटतो. निरुपद्रवी जीव अशी नक्कल का करतात, याचा उलगडा हेन्री बेट्स यांनी १८६२ साली अमेझॉनच्या खोऱ्यातल्या फुलपाखरांवरून केला होता. गंमत म्हणजे आपला तोतया स्वतः मुंग्यांपासून चार हात लांबच राहतो, कारण सापडला तर त्या त्याला सोडणार नाहीत.

प्रश्न : खिडकीच्या चौकटीत मातीचं घर आहे. फोडलं तर आत मेलेले कोळी निघाले. औषध मारू का?

उत्तर : अजिबात नको. हे कुंभारणीचं घर, गांधीलमाशीच्या नात्यातली ही एकांडी माशी. आतले कोळी बहुधा मेलेले नव्हते, डंखाने लुळे पडलेले होते. अंड्यातून निघणाऱ्या अळीसाठी ती हा ताजा शिधा भरून ठेवते. ही माशी उगाच कुणाच्या अंगावर येत नाही. घर खरवडायचंच असेल तर मातीला गोल भोक पडेपर्यंत थांबा, म्हणजे पिल्लू बाहेर पडलं असं समजा.