अभ्यास सोडला म्हणजे उपचारही सुटला का?

"मॅडम, यांनी तुमचा तो अभ्यास सोडला म्हणतात. आता गोळ्या बंद होतील काय? अन् पुन्हा सुरू तर नसतील झाले?" नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका हमालाच्या बायकोचा फोन. दारू सोडवण्याच्या उपचारावर आमचा अभ्यास, म्हणजे संशोधन, चालू आहे; तो त्यात होता. घरोघरच्या बायकांचे हेच दोन प्रश्न असतात.

पहिल्याचं उत्तर सोपं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनातून कधीही बाहेर पडता येतं, त्यापायी नेहमीचा उपचार अडवता येत नाही. दुसऱ्यासाठी म्हटलं, त्यांनाच पाठवा.

तो संध्याकाळी सातला आला. खरं तर त्याची वेळ आम्ही सकाळी अकराची ठेवली होती. आमच्या सोयीने. तेव्हा बाजारात माल उतरत असतो; एक फेरी म्हणजे अर्धी मजुरी गेली. मला वाटलं, कारण तेच. पण तो तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी मुठीत चुरगाळत बसला.

"मारबतीच्या सणाला घेतली, मॅडम. सात महिन्यांनी. एकच दिवस."

"मग आला काहून नाहीत?"

"तुम्ही विचारता, महिन्यात किती दिवस घेतली. माझ्यानं खोटं बोलल्या जात नाही. खरं सांगितलं तर तुमचा रिपोर्ट खराब झाला असता."

म्हणजे हा बाप्पा मला वाचवायला गायब झाला होता!

मी त्याच्यासमोर वही उघडली. त्याच्या नावापुढचे दोन रकाने कोरे. म्हटलं, रिपोर्ट या कोऱ्या रकान्यांपायी खराब होतो. न आलेल्यांना वगळलं तर बहुतेक सुधारलेलेच उरतात आणि उपचार आहे त्याहून गुणकारी दिसतो. न आलेला प्यायलाच असेल असं धरलं, आणि असं धरणारे अभ्यास आहेत, तर कामासाठी गाव सोडलेला, मोबाइल नंबर बदललेला, "बरा झालो, आता कशाला जाऊ" म्हणणारा, सगळेच पिणाऱ्यांत मोजले जातात. सात महिन्यांत एक दिवस घेतली आणि पुढे थांबला, ही तर आम्हाला हवी तीच नोंद.

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. "लिहा मग. एक."

मी लिहिलं. पुढची वेळ संध्याकाळी सातची ठेवली.

"बायकोला सांगाल काय?"

"मला तसं सांगता येत नाही. तुम्ही सांगा."

जिन्यात तो थांबलेला दिसला, मोबाइल कानाला लावून. मी दार लोटून घेतलं.