आजारी जर्बिलला जोडीदारापासून वेगळं ठेवायचं का?

प्रश्न : माझ्याकडे अडीच वर्षांचे दोन नर जर्बिल (उंदरासारखे छोटे पाळीव प्राणी) आहेत, सख्खे भाऊ. दोन दिवसांपासून एक जण मलूल आहे, अंग फुगवून कोपऱ्यात बसतो. श्वास घेताना बारीक टिकटिक ऐकू येते आणि नाकाभोवती रक्तासारखं काहीतरी लागलेलं दिसतं. दुसरा ठणठणीत आहे. त्याला लागण होऊ नये म्हणून दोघांना वेगळं करू का? आणि औषध पाण्याच्या बाटलीत घातलं तर चालेल का?

उत्तर : नाकाभोवतीचं ते बहुधा रक्त नसावं. जर्बिलच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर स्राव येतो आणि एरवी तो अंग चाटता-पुसताना साफ होतो. आजारी प्राणी स्वतःला साफ करणं सोडतो, म्हणून तो साचून दिसतो. खरी काळजी टिकटिकीची. मलूलपणा आणि श्वासाचा आवाज एकत्र असतील तर श्वसनमार्गाचा संसर्ग धरून चालावं आणि लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे आजच जावं. इतक्या छोट्या जिवाकडे ‘उद्या बघू’ म्हणण्याइतकी ताकद शिल्लक नसते.

वेगळं करू नका. लक्षणं दिसेपर्यंत दोघं एकाच घरट्यात, एकाच हवेत झोपलेले असतात, त्यामुळे लागण व्हायची ती बहुधा होऊन गेलेली असते. उलट वेगळं करण्याचा तोटा ठरलेला. जर्बिल एकमेकांना वासावरून ओळखतात. काही दिवस दूर राहिले की तो सामायिक वास जातो आणि परत आणल्यावर सख्खे भाऊही एकमेकांना रक्तबंबाळ करतात. शिवाय आजाऱ्याला जोडीदाराच्या अंगाची ऊब लागते. दवाखान्यातही दोघांना एकाच डब्यात न्या आणि त्यात पिंजऱ्यातला मूठभर जुना भुसा घाला.

अपवाद दोनच : जोडीदार त्याला चावतोय, पिटाळतोय किंवा खाण्यावरून हुसकावतोय, नाहीतर शस्त्रक्रियेचे टाके कुरतडतोय. तेव्हाही दुसरा पिंजरा नको. आहे त्याच पिंजऱ्यात मधोमध बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवा. प्लास्टिकची जाळी ते रातोरात कुरतडतात. कडेला फट राहू देऊ नका. एरवी अशा विभागणीत वास सामायिक राहावा म्हणून दोघांच्या बाजू दिवसातून दोन-तीनदा बदलतात, पण आजाऱ्याला सारखं उचलण्यापेक्षा इकडचा मूठभर भुसा तिकडे टाकलेला बरा.

पाण्यातून औषध मात्र मुळीच नको. जर्बिल कोरड्या प्रदेशातला प्राणी, मुळातच पाणी थोडं पितो. आजारी असला की त्याहून कमी, आणि औषध कडू असेल तर तोंडच लावत नाही. त्यातलं निम्मं निरोगी भाऊ पिणार ते वेगळंच. बिनसुईची 1 मिलीची सिरिंज घ्या. प्राण्याला पोटावर, टॉवेलमध्ये सैलसर धरा, उताणा कधीच नाही. सिरिंजचं टोक बाजूने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत घाला, एक थेंब सोडा, गिळू द्या, मग पुढचा. घाई केली तर औषध फुफ्फुसात जातं. घरातली उरलेली प्रतिजैविकं चुकूनही देऊ नका : तोंडावाटे दिलेल्या अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारख्या औषधांनी आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जीवघेणे जुलाब लागू शकतात. स्ट्रेप्टोमायसिन तर जर्बिलला विषच.

रोज ठरल्या वेळी दोघांचं वेगवेगळं वजन करा. 1 ग्रॅमपर्यंत अचूक काटा आणि खोल वाडगा पुरे. पिंजऱ्यात दोघं असल्यावर रिकामी वाटी काहीच सांगत नाही. खाल्लं कोणी ते काट्यावरच कळतं. 80 ग्रॅमचा प्राणी 72 वर आला म्हणजे दहा टक्के वजन गेलं. पुढच्या भेटीची वाट न बघता पशुवैद्याला कळवा. रंगाने दोघं सारखे असतील तर एकाच्या पाठीवरचे थोडे केस कातरा. खात नसेल तर नेहमीच्या पेलेट्सची (तयार खाद्याच्या गोळ्यांची) पूड कोमट पाण्यात भिजवून पातळ करा आणि त्याच सिरिंजने एका वेळी अर्धा ते एक मिली, दिवसातून चार-पाचदा भरवा. गिळत नसेल तर थांबा, जबरदस्ती नको.

कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. चाक आणि वाळूचं भांडं काढा, कारण वाळूची धूळ श्वासाला त्रास देते. पाण्याची नळी खाली घ्या. आणि आजार निघाला म्हणून पिंजरा धुऊन लख्ख करू नका! त्याबरोबर दोघांचा वासही धुतला जातो. ओला, घाण झालेला भुसा तेवढा बदला.

प्रश्न : तीन वर्षांच्या मादीची मान एका बाजूला कलली आहे. जोडीदार मादी तिच्याशी नीट वागते. काय असेल?

उत्तर : अचानक कलली असेल आणि एका बाजूचे पाय लटके पडत असतील तर पक्षाघात, हळूहळू कलली आणि ती कान खाजवत असेल तर कानातला संसर्ग किंवा गाठ. दोन्हींचे उपाय निराळे, तेव्हा तपासून घ्या. पक्षाघातातून बरेच जर्बिल सावरतात, मान मात्र थोडी वाकडी राहू शकते. वरचे मजले काढा, म्हणजे पडणार नाही. जोडीदार सोबतच राहू द्या.

प्रश्न : दोघींपैकी एक जुलाब होऊन एका दिवसात गेली. उरलेली बरी दिसते. लगेच नवी सोबतीण आणावी का?

उत्तर : लगेच नाही. जर्बिलमध्ये असं झटपट मरण आलं की टिझर रोगाचा (आतडी आणि यकृताला होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाचा) संशय घ्यावा. त्याच्या जिवाणूचे बीजाणू भुशात महिनोन्‌महिने टिकतात. उरलेलीला लागण झाली असं धरून पशुवैद्याला आजच दाखवा. मृत प्राणी ताजा असेल तर तोही थंड ठेवून सोबत न्या, तपासणीत कारण कळू शकतं. भुसा, लाकडी आणि पुठ्ठ्याच्या वस्तू टाकून द्या. पिंजरा आधी साबणाने धुवा, मग 0.3 टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या (ब्लीचमधल्या जंतुनाशकाच्या) द्रावणाने ओला करून ठेवा, भरपूर पाण्याने खळबळून पूर्ण वाळवा. या वेळी वासाचा विचार करायचा नाही. किमान तीन-चार आठवडे काही लक्षण दिसलं नाही आणि पशुवैद्याने होकार दिला, तरच नवी आणा. तीही शक्यतो लहान वयाची, आणि सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे जाळीपलीकडेच.